रात्र कुठून येते, हे मुलांना विचारणारा शास्त्रज्ञ

जिनिव्हातल्या एका घरात एक लहान मुलगी दुपारची झोपायची राहिली. घरातले मोठे दुपारबद्दल काही बोलत होते, तेव्हा तिने त्यांना सरळ सांगितले की अजून दुपार झालेलीच नाही, कारण आपण अजून झोपलो नाही. बहुतेक घरांत अशा उत्तरावर हसू फुटते, ते पाहुण्यांना सांगितले जाते आणि विसरले जाते. या मुलीच्या वडिलांनी ते वहीत टिपून ठेवले. मुलीच्या मनात दुपार म्हणजे घड्याळातली वेळ नव्हती, सूर्याची आकाशातली जागाही नव्हती. दुपार म्हणजे तिची झोप. झोप नाही, तर दुपारही नाही. हा विचार चुकीचा असला तरी त्यात सुसंगती आहे, हे त्या वडिलांनी ओळखले. त्यांचे नाव झाँ पियाजे.

डी.एड. आणि बी.एड. करणाऱ्यांना पियाजे हे नाव परिचित असते. परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या बौद्धिक विकासाच्या चार अवस्था, एवढीच अनेकांच्या मनात त्यांची ओळख उरते. मुलांना दिवस-रात्र कसे समजते, याचा त्यांनी केलेला अभ्यास मात्र पालकांना आणि प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना आजही रोज उपयोगी पडावा असा आहे.

पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल या तळ्याकाठच्या गावी झाला. वडील आर्थर हे मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक. पुराव्याशिवाय काही लिहायचे नाही, ही शिस्त मुलाने त्यांच्याकडून घेतली. आईची मानसिक प्रकृती नाजूक होती आणि त्याचा घरातल्या वातावरणावर ताण असे. त्यामुळे आपण खेळण्याच्या वयातच गंभीर कामाकडे वळलो, असे पियाजे यांनी पुढे आत्मकथनात नोंदवले आहे. ते गंभीर काम म्हणजे निसर्गाचे निरीक्षण. १९०७ मध्ये, प्राथमिक शाळेतून बाहेर पडण्याच्या वयात, त्यांनी बागेत दिसलेल्या एका पांढुरक्या चिमणीवर छोटे टिपण लिहिले आणि ते स्थानिक नियतकालिकात छापून आले.

त्यानंतर गावातल्या निसर्ग-संग्रहालयाचे संचालक पॉल गोदे यांच्या हाताखाली हा मुलगा काम करू लागला. गोदे हे शंख-शिंपल्यांतल्या प्राण्यांचे अभ्यासक. संग्रहातल्या शंखांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, त्या बदल्यात काही नमुने घरी न्यायचे, असा व्यवहार होता. १९११ मध्ये गोदे वारले तोपर्यंत विद्यार्थी पुरेसा तयार झाला होता. त्याचे लेख वाचून काही अभ्यासकांना त्याला भेटायची इच्छा होई, पण लेखक शाळकरी आहे हे कळू नये म्हणून तो भेट टाळी. जिनिव्हाच्या संग्रहालयात एका पदासाठी विचारणा झाली, तीही शाळा पूर्ण न झाल्यामुळे नाकारावी लागली. १९१८ मध्ये याच मृदुकाय प्राण्यांवरच्या प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली.

मुलांच्या विचारांकडे वळलेला हा माणूस मुळात जीवशास्त्रज्ञ होता, हे विसरून चालणार नाही. एकाच जातीची गोगलगाय वेगवेगळ्या तळ्यांत वेगळा आकार का घेते, हे पाहण्याची नजर त्यांना होती. वाढणारी प्रत्येक गोष्ट परिसराशी जुळवून घेत टप्प्याटप्प्याने बदलते, ही त्या नजरेची शिकवण. मूल म्हणजे लहान आकाराचा, कमी माहिती असलेला प्रौढ नव्हे, हे त्यांना इतरांआधी दिसले त्याचे मूळ इथे आहे.

डॉक्टरेटनंतर ते झुरिचला गेले. तिथल्या प्रसिद्ध मनोरुग्णालयात ब्लॉयलर यांच्याकडे त्यांनी काही काळ घालवला आणि रुग्णाशी बोलण्याची पद्धत पाहिली. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाला बोलू देतो, त्याच्या बोलण्याच्या मागे जातो, मध्येच एखादा नेमका प्रश्न विचारतो. रुग्णाचे म्हणणे खरे की खोटे हा मुद्दा तिथे पहिला नसतो. तो असे का म्हणतो, हे आधी शोधायचे असते.

१९१९ मध्ये ते पॅरिसला आले. बुद्धिमापन चाचण्यांचा पाया घालणारे आल्फ्रेड बिने तेव्हा हयात नव्हते. त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी पियाजे यांच्याकडे एक रुक्ष काम सोपवले. इंग्लंडमध्ये बर्ट यांनी तयार केलेले तर्काचे प्रश्न पॅरिसच्या मुलांना विचारायचे आणि किती बरोबर आली ते मोजायचे. मोजणी करताना पियाजे यांचे लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे गेले. एका वयाची मुले साधारण एकाच प्रकारे चुकत होती आणि वय वाढले की चुकीचा प्रकार बदलत होता. मग त्यांनी गुण मोजण्याऐवजी मुलांशी गप्पा मारायला सुरुवात केली. हे उत्तर का दिले, कसे सुचले, हे ते विचारू लागले. झुरिचच्या रुग्णालयात पाहिलेली पद्धत पॅरिसच्या शाळेत निरोगी मुलांसाठी वापरली गेली. ताप हा जसा आतल्या प्रक्रियेची खूण असतो, तसे चुकीचे उत्तर हेही मुलाच्या मनात चाललेल्या विचाराची खूण असते, हे त्यातून पुढे आले.

हे काम पाहून एदुआर क्लापारेद यांनी १९२१ मध्ये त्यांना जिनिव्हाच्या रूसो संस्थेत बोलावले. तिथे पियाजे यांनी मुलांना जगाबद्दल विचारायला घेतले. स्वप्न कुठून येते, ढग कसे चालतात, सूर्य जिवंत आहे का, रात्र म्हणजे काय. मुले आपणहून जे प्रश्न विचारतात त्यांच्याच धर्तीवर आपले प्रश्न बेतायचे, असा त्यांचा दंडक होता. १९२६ मध्ये मुलांच्या मनातल्या जगावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात रात्रीबद्दलच्या उत्तरांचे चार टप्पे त्यांनी मांडले.

पहिल्या टप्प्यातले मूल रात्र का होते याचे उत्तर उपयोग सांगून देते. रात्र होते ती आपण झोपावे म्हणून. ती कशी होते, हा प्रश्न त्याला पडतच नाही. दुसऱ्या टप्प्यात रात्र ही एक वस्तू बनते. मोठा काळा ढग येतो आणि सगळे भरून टाकतो. तो कुणीतरी आणतो, माणसे किंवा देव. तिसऱ्या टप्प्यात ढग राहतो, पण त्याचे काम बदलते. आता तो स्वतः रात्र नसतो. तो दिवसाचा उजेड अडवतो आणि त्यामुळे अंधार होतो. चौथ्या टप्प्यावर मूल सांगते की सूर्य निघून गेला म्हणून रात्र झाली.

या क्रमात एक महत्त्वाची गोष्ट आहे. पहिल्या तीन टप्प्यांतले मूल रात्रीचा संबंध सूर्याशी जोडत नाही. मोठ्यांना हे खरे वाटत नाही, कारण सूर्य मावळणे आणि रात्र होणे या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकच झालेल्या असतात. पण सूर्य दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ उजेड असतो. ढगाळ दिवशी सूर्य न दिसताही दिवसच असतो. लहान मुलाने उजेड आणि सूर्य यांना दोन वेगळ्या गोष्टी मानले, तर तो निव्वळ मूर्खपणा नाही. तो निरीक्षणावर आधारलेला, पण अपुरा निष्कर्ष आहे.

सावलीबद्दलही त्यांना असेच आढळले. टेबलावर हाताची सावली पडते ती कुठून येते, असे विचारल्यावर लहान मुले सांगत की ती झाडाखालून, खोलीच्या कोपऱ्यातून किंवा बाहेरच्या रात्रीतून येते. साधारण आठ-नऊ वर्षांपर्यंत दिव्याची जागा पाहून सावली कोणत्या बाजूला पडेल हे नेमके सांगणे जमत नाही. अंधार म्हणजे उजेडाचा अभाव, ही कल्पना मुलाला अवघड जाते. नसलेल्या गोष्टीचा विचार करण्यापेक्षा असलेल्या वस्तूचा विचार करणे सोपे असते.

चंद्र आपल्या मागे येतो, हा तर जगभरच्या मुलांचा अनुभव. पियाजे त्यावर पुढचा प्रश्न टाकत. दोन मित्र विरुद्ध दिशांना चालू लागले तर चंद्र कुणाच्या मागे जाईल? हा प्रश्न उत्तर शिकवण्यासाठी नव्हता. त्यावर मूल क्षणभर थांबते आणि त्या थांबण्यात त्याचा विचार पुढे सरकण्याची शक्यता असते.

प्रश्न विचारण्याबाबत पियाजे विलक्षण काटेकोर होते. मुलाच्या उत्तरांचे त्यांनी पाच प्रकार केले. कंटाळून काहीतरी ठोकून दिलेले, गंमत म्हणून रचलेले, प्रश्नातूनच सुचवले गेलेले, प्रश्नामुळे प्रथमच विचार करून दिलेले आणि आधीपासून मनात असलेले. यातला तिसरा प्रकार डॉक्टरांनाही चांगला माहीत असतो. छातीत दुखते ना, हातात कळ जाते ना, असे विचारत गेले की घाबरलेला रुग्ण प्रत्येकाला होकार देतो आणि निदान चुकते. सूर्याला कोण ढकलते, असे विचारले की मूलही कुणाचे तरी नाव सांगते, कारण प्रश्नातच कुणीतरी ढकलते हे गृहीत धरलेले असते. मुलांशी असे बोलण्याचे कसब यायला रोजच्या सरावाचे किमान एक वर्ष लागते, असे त्यांचे मत होते.

सुचवलेली गोष्ट किती खोल रुजते, याचा अनुभव त्यांना स्वतःला होता. आपण दोन वर्षांचे असताना पॅरिसमध्ये आपल्याला बाबागाडीतून पळवण्याचा प्रयत्न झाला आणि सांभाळणाऱ्या बाईने ओरखडे सोसून आपल्याला वाचवले, ही आठवण त्यांच्या डोळ्यांपुढे चित्रासारखी स्पष्ट होती. ते साधारण पंधरा वर्षांचे असताना त्या बाईने आईवडिलांना पत्र लिहून कबूल केले की सगळा प्रसंग बनावट होता, आणि बक्षीस मिळालेले घड्याळ परत केले. म्हणजे कधी न घडलेला प्रसंग, केवळ ऐकून, मुलाची स्वतःची आठवण झाला होता.

१९२३ मध्ये व्हॅलेंटाइन शातने यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याही रूसो संस्थेत काम करत. जॅकलिन, ल्युसिएन आणि लोराँ या तीन मुलांच्या बारीकसारीक हालचालींची नोंद पती-पत्नींनी मिळून ठेवली. खेळणे कापडाखाली झाकले की सात-आठ महिन्यांपर्यंतचे बाळ ते शोधत नाही, जणू ते जगातूनच गेले. पुढे काही महिन्यांत ते कापड ओढू लागते. न दिसणारी वस्तू असते, हे बाळाला शिकावे लागते. शाळेच्या वयात त्याच मुलाला मावळलेला सूर्य कुठेतरी आहे आणि तिथे आत्ता दिवस आहे, हे शिकायचे असते.

त्यासाठी आणखी एक पायरी लागते. सहकारी बेर्बेल इन्हेल्डर यांच्यासोबत १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पियाजे यांनी तीन डोंगरांचा प्रयोग मांडला. टेबलावर डोंगरांची प्रतिकृती, एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला बाहुली. बाहुलीला काय दिसते ते चित्रांतून निवडायचे. चार-पाच वर्षांची मुले स्वतःला दिसणारे चित्रच निवडत. दुसऱ्याच्या जागी मनाने जाऊन पाहता आले नाही, तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला कुणाला तरी आत्ता सूर्य दिसतो आहे, हे वाक्य पाठ होईल, पण समजणार नाही.

पियाजे यांची सगळी मते टिकली असे नाही. त्यांच्याच वर्षी जन्मलेले रशियाचे व्हायगॉट्स्की यांनी त्यांच्यावर महत्त्वाची टीका केली. मुलाचे शिकणे भोवतालची माणसे आणि भाषा यांच्या आधाराने होते, त्याला पियाजे पुरेसे महत्त्व देत नाहीत, हा त्या विचाराचा गाभा होता. पुढे मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ च्या पुस्तकात दाखवले की प्रश्न मुलाच्या ओळखीच्या गोष्टीत गुंफला, म्हणजे पोलिसापासून बाहुली लपवायला सांगितली, तर चार वर्षांचे मूलही दुसऱ्याच्या नजरेचा विचार करू शकते. म्हणजे वयाचे आकडे लवचीक आहेत. मुलाला कमी लेखण्याची चूक पियाजे यांच्या हातूनही झाली.

मूळ निरीक्षण मात्र टिकले. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ६० मुलांचा दिवस-रात्रीबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांच्या मते सूर्य डोंगरामागे जातो. काहींनी शाळेत ऐकलेली फिरणारी पृथ्वी आणि स्वतःची कल्पना यांची सांगड घातली होती. एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र, आणि पृथ्वी आळीपाळीने त्यांच्याकडे तोंड करते. शिकवलेले उत्तर जुन्या कल्पनेला हटवत नाही, तिच्याशी जुळवून घेतले जाते. हैदराबादच्या मुलांशी अशाच पद्धतीने बोलल्यावर पाण्यावर आधारलेल्या पृथ्वीची कल्पना पुढे आली. मुंबईत मानखुर्द इथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अभ्यासकांनीही महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी मुलांच्या खगोलविषयक कल्पना तपासल्या आणि शरीराच्या हालचाली व हावभाव वापरून शिकवण्याच्या पद्धती तयार केल्या.

वैद्यकशास्त्राने या विषयात आणखी एक भर घातली आहे. नवजात बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक नसतो, हे रात्रभर जागलेल्या प्रत्येक आईला ठाऊक असते. साधारण दोन-तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूतले जैविक घड्याळ डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडाशी जुळू लागते आणि रात्री मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवण्याची लय बसते. म्हणजे शरीर तिसऱ्या महिन्यात रात्र शिकते आणि मनाला तिचे कारण समजायला आणखी आठ-नऊ वर्षे लागतात. रात्र झोपण्यासाठी होते, असे चार वर्षांचे मूल म्हणते, तेव्हा ते शरीराला माहीत असलेलेच सांगत असते.

याचा घरात आणि वर्गात उपयोग असा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला पृथ्वी फिरते हे सांगण्याची घाई नको. सकाळचे ऊन कोणत्या खिडकीतून येते, संध्याकाळी कोणत्या. सावली कधी लांब, कधी आखूड. दिवसाही कधी कधी चंद्र दिसतो, हे त्याला पाहू द्यावे. चंद्र आला म्हणून रात्र होते, हा गैरसमज दिवसा दिसणाऱ्या चंद्रामुळेच ढिला होतो. या वयाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते. रात्र म्हणजे घरात शिरणारी काळी वस्तू आहे असे वाटणाऱ्या मुलाला बागुलबुवाची भीती घालणे म्हणजे त्याच्या झोपेत आपण होऊन विघ्न आणणे. भीतीला हसण्यापेक्षा त्याच्या हाती विजेरी द्यावी आणि दिवा लावला की काळोख कुठे जातो हे त्यालाच तपासू द्यावे.

सहा-सात वर्षांच्या मुलाला आधी विचारावे की रात्री सूर्य कुठे असतो, आणि चित्र काढायला सांगावे. उत्तर लगेच दुरुस्त करू नये. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अंधाऱ्या खोलीत एका दिव्यासमोर उभे करावे. त्याचे डोके म्हणजे पृथ्वी, नाक म्हणजे आपले गाव. दिव्याकडे तोंड असते तेव्हा दुपार. मग जागच्या जागी हळूहळू डावीकडे वळायला सांगावे. दिवा उजवीकडे सरकतो आणि नजरेआड होतो, तो सूर्यास्त. पाठ दिव्याकडे, ती मध्यरात्र. वळत राहिले की दिवा डावीकडून पुन्हा दिसू लागतो, तो सूर्योदय. दिवा जागचा हललेला नसतो. सूर्याभोवतीची वर्षाची फेरी त्याच दिवशी शिकवू नये, दोन्ही गती एकत्र आल्या की मुले हमखास गोंधळतात. न्यू जर्सीतल्या मामाशी सकाळी आठला व्हिडिओ कॉल असेल, तर त्याच्या खिडकीबाहेर काळोख का, हा प्रश्न पडद्यावरच उभा असतो.

पियाजे १९२९ पासून जवळजवळ चार दशके जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय शिक्षण कार्यालयाचे संचालक होते. १९५५ मध्ये, ज्ञान कसे वाढत जाते याच्या अभ्यासासाठी त्यांनी जिनिव्हातच स्वतंत्र केंद्र उभारले. तोंडात पाइप, डोक्यावर बेरे टोपी आणि कागदांच्या ढिगाखाली गेलेले टेबल, ही त्यांची ओळख अखेरपर्यंत कायम राहिली. १६ सप्टेंबर १९८० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, ते जिनिव्हात वारले.

दिवस-रात्रीचे बरोबर उत्तर त्यांच्याआधी कित्येक शतके माहीत होते. त्यांनी त्यात काही भर घातली नाही. ते उत्तर सांगण्याआधी समोरच्या मुलाला काय वाटते ते विचारावे आणि त्याचे ऐकून घ्यावे, एवढे त्यांनी शिकवले. रुग्णाची हकीकत न ऐकता औषध लिहिणारा डॉक्टर आणि मुलाचे न ऐकता उत्तर सांगणारा मोठा माणूस, दोघांची घाई सारखीच असते.